पाणी ऑनलाइन आलंय

दूध संस्थेत दूध जमतं, असं लोकांना वाटतं. आमच्या संस्थेची सचिव म्हणून मी सोळा वर्षं काढली, म्हणून सांगते, दूध जमत नाही. ते सकाळ-संध्याकाळ गाडीत बसून निघून जातं. जमतात त्या गोष्टी!

माणूस किटली रिकामी करतो, पण लगेच घरी जात नाही. 'बसतो जरा' म्हणतो. दुष्काळात तर हिशोबच उलटा होतो. दूध निम्म्यावर येतं आणि बसणारे दुप्पट होतात, कारण रानात जाऊन करायचं काय? घाटनांदूरच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. संस्थेचं ऑफिस म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत मी जेवढं ऐकलं, तेवढं नोंदवायला कुठल्याच रजिस्टरला रकाना नव्हता.

त्यात आमच्याच काळात सगळं मशीनवर आलं. फॅट मशीनवर, गुरांची हजेरी मशीनवर, टँकर मशीनवर, कोर्टसुद्धा मशीनवर. आमचे चेअरमन दगडूअण्णा यांचं टेक्नॉलॉजीबद्दल अगदी ठाम मत होतं. फक्त ते रोज वेगळं असायचं.

*

फॅटचं मशीन आलं तो दिवस मला आठवतो. त्याआधी मी काचेच्या नळीत दूध नि अ‍ॅसिड घालून, हातानं चक्र फिरवून फॅट काढायची. आकडा कमी आला की लोक माझ्याशी भांडायचे. आता डब्यासारखं मशीन आलं. नळी दुधात बुडवायची, मिनिटाभरात लाल आकडा!

अण्णांनी हार घालून भाषण केलं. "माणूस दुजाभाव करतो. मशीन करत न्हाई. मशीनला भाऊबंद नसतेत!"

'भाऊबंद' म्हणताना अण्णांनी समोर बघितलं. समोर विठ्ठलराव बसलेले. अण्णांचे चुलतभाऊ. दोघांचा बांधावरून एकोणीस वर्षं वाद चाललेला. दोघंही दूध मात्र एकाच संस्थेत घालायचे, कारण गावात दुसरी संस्थाच नव्हती.

आठवड्याभरानं विठ्ठलरावांच्या दुधाचा आकडा एकदम खाली आला. अण्णा खुर्चीतून उठलेच. सगळ्यांसमोर म्हणाले, "मशीन खोटं बोलत न्हाई. इठ्ठल, पाणी घातलंस!"

दुधात पाणी घातलं म्हणणं म्हणजे आमच्याकडं साधी गोष्ट नाही. माणसं त्यावरून पिढ्यान्पिढ्या बोलत नाहीत. विठ्ठलरावांनी किटलीचं झाकण हळूच लावलं आणि म्हणाले, "अण्णा, गावात आठ दिवसाला टँकर येतंय. दुधात घालायला माझ्याकडं पाणी असतं, तर मी दूध कावून विकलं असतं? पाणीच विकलं नसतं का?"

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या स्वतःच्या दुधाचा आकडा विठ्ठलरावांच्याही खाली! अण्णा बराच वेळ मशीनकडं बघत राहिले. मग मला हळू आवाजात म्हणाले, "सचिवबाई, ह्याला कुणीतरी फितवलंय."

शेवटी अंबाजोगाईहून मेकॅनिक आला. त्यानं नळी उघडून दाखवली. आत दुधाचा थर साचून दगड झालेला. "हे रोज दोनदा धुवायचं असतं," तो म्हणाला. "भरपूर गरम पाण्यानं."

"पाण्यानं?" अण्णा आणि विठ्ठलराव एकाच वेळी ओरडले. एकोणीस वर्षांत दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा बघितलं.

*

त्याच उन्हाळ्यात संस्थेच्या माळावर चारा छावणी उघडली. चारा सरकारचा, देखरेख आमची. कागदावर गुरं वाढवून चारा उचलतात अशी कुठून कुठून बोंब झालेली, म्हणून नियम आला. प्रत्येक जनावराच्या कानात बारकोडचा बिल्ला मारायचा आणि रोज मोबाइलनं त्याचं स्कॅनिंग करायचं. स्कॅन झालं तर चारा. नाही झालं तर नाही.

छावणीच्या माळावर नेटवर्क नव्हतं, ते वर मारुतीच्या टेकाडावर यायचं. म्हणून रोज सकाळी सगळी गुरं हजेरी द्यायला टेकाड चढायची आणि चारा खायला टेकाड उतरायची. खाल्लेला निम्मा चारा हजेरीतच जिरायचा.

आमच्याकडं पाण्याचा टँकर चालवायचे ते नूरभाई. त्यांची एक गाय छावणीत होती, गुलाब नावाची. एके दिवशी शेजारच्या बैलानं चाटता चाटता गुलाबच्या कानातला बिल्लाच खाऊन टाकला! नेमके त्याच दिवशी तपासणीला साहेब आले. त्यांनी मोबाइल गायीच्या कानाशी नेला, दुसऱ्या कानाशी नेला, मग म्हणाले, "ही गाय सिस्टीममध्ये नाही."

"साहेब, ही बगा की उभी हाय," नूरभाई म्हणाले.

"ते मला दिसतंय. सिस्टीमला दिसत नाही. नवीन बिल्ला यायला आठ दिवस लागतील."

"आन् तवर?"

"तोपर्यंत चारा देता येणार नाही. माझाही नाइलाज आहे."

नूरभाईंनी गायीच्या पाठीवर हात ठेवला. हाडं मोजता येत होती. म्हणाले, "साहेब, गाय सिस्टीममधी न्हाई, कबूल. पर तिचं पोट तिच्यासंगच हाय ना! त्याला मी काय सांगू?"

साहेब माणूस वाईट नव्हता. चष्मा काढून पुसत बसला. पुसतच बसला. तेवढ्यात कुणीतरी आपल्या बैलापुढच्या चाऱ्यातली एक पेंडी उचलून गुलाबपुढं टाकली. मग दुसऱ्यानं टाकली. विठ्ठलरावांनी टाकली म्हणून अण्णांनी दोन टाकल्या. साहेबांचा चष्मा काही लवकर स्वच्छ होईना.

त्या आठ दिवसांत आमच्या छावणीत सगळ्यात जास्त चारा कुणी खाल्ला असेल, तर छावणीत नसलेल्या गायीनं!

*

टँकरचा किस्सा तर नूरभाई स्वतः सांगायचे, पण त्यात त्यांची थोडी फजिती असल्यामुळं अर्धाच सांगायचे. मी पुरा सांगते.

टँकर ठेकेदाराचा, नूरभाई नुसते ड्रायव्हर. टँकरवर एक डबा बसवलेला, जीपीएसचा. टँकर कुठं गेला, किती वेळ थांबला, हे तालुक्याला कॉम्प्युटरवर दिसायचं. अण्णांनी तेव्हा जाहीर करून टाकलं होतं, "आता चोरी बंद! डोळ्यात तेल घालून बघणारी यंत्रणा हाय ही!"

एका सकाळी टँकर यायचा होता. आठ दिवसांनी. बायकांनी पहाटेपासून घागरींची रांग लावलेली. रांगेत पहिला नंबर कौसाबाईचा. कौसाबाई म्हणजे आमच्या ऑफिसच्या भिंतीला भिंत लावून राहणारी म्हातारी. अंगानं काडी, आवाजानं लाऊडस्पीकर.

नऊ वाजता फटफटीचा आवाज आला. नूरभाई मोटारसायकलवर! मागं टँकर नाही, काही नाही. मांडीवर फडक्यात गुंडाळलेला एक डबा. उतरले आणि घागरींकडं न बघता मला म्हणाले, "जयभीम ताई."

"सलाम भाई. टँकर?"

"ताई, टँकरचा गिअरबॉक्स गेला. तिकडं रस्त्यावर उभा हाय."

"मग पाणी?"

नूरभाईंनी मान खाली घातली. "पाणी ऑनलाइन आलंय."

झालं होतं असं, की टँकर बंद पडल्यावर ठेकेदारानं त्यांना फर्मावलं होतं, 'डबा काढ, फटफटीवर घे आन् सगळ्या गावांत फिरवून आण. प्रत्येक गावात अर्धा घंटा थांब. पाण्याचं मागून बघू.' म्हणजे तालुक्याच्या कॉम्प्युटरवर टँकर डौलात गावोगाव फिरत होता!

कौसाबाई पुढं आली. "ह्यो डबा काय करतोय रं, नूर?"

"मौसी, हा सरकारला सांगतो, टँकर कुठंय ते."

"म्हंजी डबा हितं, तर टँकर हितं?"

"व्हय."

"सरकारच्या लेखी?"

"व्हय ना मौसी."

म्हातारीनं डबा उचलला, पदराखाली धरला, सरळ ऑफिसात आली आणि माझ्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली! नूरभाई मागं मागं. "मौसी, माझी नोकरी जाईल!"

"आन् आमी काय घागरीत तुझी नोकरी भरू?" कौसाबाई म्हणाली. "डबा गावात ऱ्हाईल, तवर टँकर गावातच हाय. बगू दे सरकारला."

सचिव म्हणून मी तिला अडवायला पाहिजे होतं. मी चहा टाकला.

डब्याला स्वतःची बॅटरी होती. दोन दिवस तालुक्याच्या कॉम्प्युटरवर टँकर आमच्या ऑफिसात उभा! तिसऱ्या दिवशी फोन आला. "तुमच्या गावानं टँकर अडवून ठेवलाय का? बाकीच्या गावांनी काय करायचं?"

मी म्हणाले, "साहेब, तुम्ही स्वतः येऊन बघा."

साहेब जीप घेऊन आले. गावात चक्कर मारली. टँकर कुठंच नाही. कॉम्प्युटर म्हणतोय, आहे! शेवटी घामाघूम होऊन ऑफिसात आले. कौसाबाईनं कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि बाजूला झाली. "ह्यो बगा टँकर. भरून घ्या पाणी. तुमची घागर आणलीय का?"

साहेब खाली बसले. त्यांना प्यायला पाणी मागायचं होतं, पण मागायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी दुसरा टँकर आला. भरलेला. ठेकेदाराचं काम गेलं, नूरभाईंना मात्र साहेबांनी नव्या टँकरवर ठेवलं. आणि पुढच्या आठवड्यात लेखी आदेश आला, जीपीएसचा डबा टँकरला वेल्डिंग करून पक्का बसवावा!

नूरभाईंनी आदेश दोनदा वाचून घेतला. म्हणाले, "ताई, डब्याला कावून? वेल्डिंग पाण्याला करायचं होतं!"

*

माझे सासरे रिटायर्ड मुख्याध्यापक. दरवर्षी त्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत आहोत असा पुरावा. पूर्वी बँकेत जाऊन सही केली की भागायचं. मग ते मोबाइलवर आलं. चेहरा समोर धरायचा, मोबाइल सांगतो, 'डोळ्यांची उघडझाप करा.'

मी त्यांना ऑफिसात खुर्चीवर बसवलं, मोबाइल समोर धरला. ते एकटक बघत राहिले.

"मामंजी, डोळे मिटा की."

"छत्तीस वर्षं वर्गावर डोळा ठेवलाय मी. कुणी सांगितलं म्हणून मिटत नसतो!"

मोबाइल म्हणाला, 'ओळख पटली नाही.'

सासरे म्हणाले, "मला तरी कुठं पटली अजून?"

चार वेळा केलं, पाच वेळा केलं. ओळख काही पटेना. अण्णा बाजूला बसून सल्ले देत होते, "गुरुजी, हसून बगा. गुरुजी, टोपी काडा." सहाव्या वेळी मामंजी इतके कंटाळले, की बसल्या जागी त्यांना डुलकी लागली. डोळे मिटले, दचकून उघडले आणि मोबाइलवर हिरवी खूण! हयात!

घरी जाताना म्हणाले, "बघितलंस सुमन? डोळे मिटले तेव्हा कुठं सरकारला पटलं, की मी जिवंत आहे!"

*

मधे एक वर्ष असं गेलं, की माणसांनी एकत्र जमायला बंदी होती. संस्थेची वार्षिक सभा तर कायद्यानं घ्यायलाच पाहिजे. म्हणून ऑनलाइन घेतली. एरवी आमची सभा म्हणजे मी ठराव वाचायचा, मागून कुणीतरी 'मंजूर!' ओरडायचं आणि सगळ्यांनी चिवड्याकडं वळायचं. ऑनलाइन सभेत चिवडा नाही, त्यामुळं माणसं नीट ऐकायला लागली. अण्णांना तिथंच धोक्याची जाणीव झाली.

अकरा ठराव होते. पहिलाच ठराव, अण्णांनाच पुन्हा चेअरमन ठेवण्याबद्दल. मी वाचला. विठ्ठलरावांनी हात वर केला, तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांचं नेटवर्क गेलं. स्क्रीनवर विठ्ठलराव तसेच थिजले. हात वर, तोंड उघडं!

सभा पुढं चालली. दुसरा ठराव वाचला, विठ्ठलरावांचा हात वर. पाचवा वाचला, हात वर. अकरावा वाचला, हात वरच! अण्णा म्हणाले, "सचिवबाई, लिवा. विठ्ठलराव यांनी सर्व ठरावांस हात वर करून उत्साहानं मंजुरी दिली."

"अण्णा, उत्साहानं कुठं—"

"तोंडावर दिसतंय की!"

विठ्ठलराव दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले ते तांबडेलाल होऊन. "माझा हात इरोधाचा व्हता!"

"हातावर लिवलेलं न्हाई तसं," अण्णा म्हणाले.

विठ्ठलरावांनी वर तक्रार केली. तिथल्या क्लार्कनं सभेचं रेकॉर्डिंग बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाला, "काका, पण तुम्ही तर चांगले हसताय यात."

"हसत न्हाई बे मी! 'हरकत' म्हणत व्हतो! 'ह' वर अडकलो!"

*

त्याच दोघांच्या बांधाची केस. एकोणीसचं विसावं वर्ष लागलं होतं. कोर्टानं सांगितलं, या तारखेला दोघांनी व्हिडिओवर हजर राहा, घरूनच.

अण्णांच्या घरी नेटवर्क नाही, म्हणून ते संस्थेच्या ऑफिसात आले. इस्त्रीचं धोतर, कपाळाला गंध. मी कॉम्प्युटर लावून दिला. पाच मिनिटांत दारात विठ्ठलराव. त्यांच्याही घरी नेटवर्क नाही!

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "कॉम्प्युटर एकच आहे."

बाकही एकच होतं. इकडच्या टोकाला अण्णा, तिकडच्या टोकाला विठ्ठलराव. पण कॅमेऱ्यात दोघंही मावेनात. मी म्हणाले, जरा सरका. सरकले. अजून सरका. सरकले. शेवटी खांद्याला खांदा लागला तेव्हा कुठं दोघांचे चेहरे चौकटीत आले. कॉम्प्युटरचा स्पीकर बंद होता, इअरफोन एकच. एक बोंडूक अण्णांच्या कानात, दुसरं विठ्ठलरावांच्या. आवाज पुरा वाढवलेला, त्यामुळं शेजारी मलाही ऐकू येत होतं. वायर एवढीशी. एकानं मान हलवली की दुसऱ्याची आपोआप हलायची.

न्यायाधीश बाई स्क्रीनवर आल्या. कागद बघितले, मग स्क्रीनकडं बघितलं. जरा थांबून म्हणाल्या, "वादी कोण?"

अण्णांनी हात वर केला.

"आणि प्रतिवादी?"

विठ्ठलरावांनी हात वर केला. अण्णांच्या कानातलं बोंडूक निसटलं. विठ्ठलरावांनी ते उचलून परत अण्णांच्या कानात घातलं.

न्यायाधीश बाईंनी चष्मा वर केला. "तुमच्यात नेमका वाद काय आहे?"

"लई मोठा हाय, साहेब!" दोघं एकदम म्हणाले.

"मग बसून मिटवून का घेत नाही? बसलेले तर आहातच."

अण्णा ताठ झाले. "न्हाई साहेब. कायद्यानं काय व्हईल ते होऊ द्या. ह्याच्यासंग माझं बोलणं न्हाई!"

"माझं बी न्हाई!" विठ्ठलराव म्हणाले.

तारीख पडली. स्क्रीन काळी झाली. दोघं तसेच बसून राहिले, कारण वायर कुणी काढायची हे ठरेना. शेवटी अण्णा समोर भिंतीकडं बघत म्हणाले, "पुढच्या तारखेला जरा लवकर ये. बाक पुसून ठिवू."

*

आता कौसाबाईची म्हैस.

एका वर्षी पाऊस असा गेला, की दसऱ्याआधीच निम्मं गाव ऊसतोडीला पश्चिमेकडं निघालं. कौसाबाईचा मुलगा आणि सून मीराही निघाली. घरात म्हातारी आणि दावणीला म्हैस, भिंगरी. निघायच्या आदल्या दिवशी सासू-सुनेचं कडाक्याचं वाजलं. भिंतीला भिंत, त्यामुळं मला शब्द न् शब्द ऐकू आला.

कौसाबाई म्हणत होती, "मला एकटीला हिचा चारापाणी व्हणार न्हाई. सिरसाळ्याच्या बाजारात नेती हिला."

मीरा म्हणाली, "भिंगरी इकली, तर मी ह्या घरात पाय ठिवणार न्हाई. सांगून ठिवते!"

सकाळी ट्रॅक्टर निघाला. मीरा म्हशीच्या गळ्यात पडून रडली. सासूच्या पाया न पडताच ट्रॉलीत चढली. म्हातारीही दारात आली नाही.

दोन दिवसांनी कौसाबाई रिकामी किटली घेऊन ऑफिसात. "ताई, रांड धारच सोडीना! पान्हा चोरायली. मीराच्या हाताची सवय हाय तिला."

पेंड पुढं ठेवून झाली, मीराचं लुगडं नेसून बघून झालं. भिंगरी ढिम्म. शेवटी मला काय सुचलं कोण जाणे, मी माझ्या मोबाइलवरून मीराला व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल म्हशीसमोर धरला. भिंगरीनं स्क्रीन चाटली! बघायचं सोडा. पण उसाच्या फडातनं मीराचा आवाज आला, "भिंगरे! ए बाय माझी! काय करतीस गं?" आणि म्हशीचे कान उभे राहिले. मागं कौसाबाईच्या हातात धार लागली, चर्र चर्र, बादली वाजायला लागली. मी आयुष्यात एवढं उपयोगी पडलेलं टेक्नॉलॉजीचं दुसरं उदाहरण बघितलेलं नाही.

मग रोजचंच झालं. कौसाबाईकडं साधा बटणाचा फोन होता. मीरा फडात कोयता खाली ठेवून सकाळी सहाला फोन करायची. म्हातारी फोन स्पीकरवर लावून, फडक्यात बांधून म्हशीच्या तोंडाला बांधलेल्या म्होरकीला अडकवायची आणि खाली धारेला बसायची.

सासू-सून एकमेकींशी एक शब्द बोलायच्या नाहीत. बोलायच्या त्या म्हशीशी!

"भिंगरे, माझ्या सासूला इचार, बीपीच्या गोळ्या घेती का न्हाई."

"भिंगरे, सांग तिला, मी माझ्या मनानं घेती. मला कुणी शिकवू नगं."

"भिंगरे, सांग, हिकडं थंडी लई पडलीय. तिला म्हणाव गोधडी दोन घे."

"भिंगरे, तिला म्हणाव, हाताला कोयता लागलता ते बरं झालं का? माझं पोरगं फोनवर सांगत व्हतं."

भिंतीपलीकडं मी रजिस्टर उघडून बसायची आणि त्या घरचा सगळा कारभार म्हशीच्या मध्यस्थीनं चाललेला ऐकायची. म्हैस मधूनमधून नुसती फुर्रर करायची.

संक्रांतीनंतर चारा संपत आला. भिंगरीचं दूध चार लिटरवरून दोनवर आलं, दोनवरून एकावर आणि एके दिवशी आटलंच. कौसाबाईची किटली यायची बंद झाली. अण्णा म्हणाले, "मावशी, आता भाकड म्हैस कशापायी संभाळताव? सिरसाळ्याचा बाजार मंगळवारी हाय."

कौसाबाई म्हणाली, "बगू."

मंगळवार गेला. दुसरा मंगळवारही गेला. माझ्या रजिस्टरात तिच्या नावापुढं रोज कोरी जागा पडत होती. सकाळी सहाला पलीकडं फोन मात्र वाजायचा, आणि नंतर बादली! चर्र चर्र, चर्र चर्र. मला कळेना, म्हैस आटलीय, मग ही धार कशाची?

एका सकाळी राहवलं नाही. स्टुलावर चढून मी भिंतीवरनं डोकावले.

फोन म्होरकीला बांधलेला. त्यातनं मीरा म्हशीशी बोलत होती. खाली कौसाबाई धारेला बसतात तशी दोन पायांवर बसलेली, गुडघ्यात बादली. टँकरचं पाणी आठ दिवसाला येणाऱ्या गावात ती एका हातानं तांब्या वाकडा करून बादलीत पाण्याची बारीक धार सोडत होती. जरा थांबायची, परत सोडायची. तांब्या रिकामा झाला तशी ती गुडघ्यावर हात देऊन उठली. बादली म्हशीपुढं ठेवली. भिंगरीनं तोंड घातलं आणि पाणी प्यायला लागली.

कौसाबाईनं फोनजवळ तोंड नेलं आणि आपल्या त्या लाऊडस्पीकरच्या आवाजात म्हणाली, "भिंगरे, सांग तिला, आज बी दोन लिटर दिलंस म्हणून! आन् म्हणाव, उद्या फोन कर!"